नाव विचारलं की गुण जातो

आमच्याकडे झाडपाल्याचं औषध देणारा माणूस पैसे घेत नाही. हा नियम आहे आणि तो पाळला जातो, मी स्वतः पाहिलं आहे. दुसरा नियम असा की ते औषध कशाचं आहे हे घेणाऱ्याने विचारायचं नाही. विचारलं की गुण जातो. पहिल्या नियमामुळे लोकांचा विश्वास बसतो आणि दुसऱ्यामुळे त्या विश्वासाची तपासणी कधीच होत नाही. माझा थोरला भाऊ गेला त्याला आता वर्ष होऊन गेलं. दवाखान्याच्या कागदावर जे कारण लिहिलं आहे ते खोटं नाही. ते अपुरं आहे, आणि पुरं करायला लागणारा एक शब्द कुणाकडेच नव्हता.

मी चितेगावच्या एका कारखान्यात कच्चा माल तपासतो. गोणीवर नाव, बॅच नंबर आणि वजन नसेल तर ती गेटच्या आत येत नाही, मग आणणारा माझा व्याही का असेना. इतकी वर्षं हेच केल्यामुळे माझं घरातलं बोलणंही तसंच झालं आहे, असं बायको म्हणते. दादा देवगाव रंगारीला शेती बघायचा. कापूस, मका, थोडं आलं. मी पन्नाशी ओलांडली तरी तो मला बारक्याच म्हणायचा, एकदा तर आमच्या साहेबांसमोरही म्हणाला.

त्याच्या पायांना सूज यायला लागली तेव्हा वहिनींनी आधी मीठ कमी केलं आणि मग त्याला मोठ्या मापाची चप्पल आणली. पोट पुढे आलं तेव्हा मी त्याला शहरात माझ्या घरी घेऊन आलो. तपासण्यांत हिपॅटायटीस बी निघाला. तो बहुधा लहानपणापासूनचा असावा आणि त्याने इतक्या वर्षांत आतल्या आत लिव्हर कडक करून टाकलं होतं. डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या कागदावर बोट ठेवून समजावलं. दादा मान हलवत राहिला आणि बाहेर बाकावर बसल्यावर मला म्हणाला, "लिव्हर म्हंजी काळीजच ना? बकऱ्याचं असतं ते?"

मी हो म्हणालो.

"मंग काळजात कळ आली म्हणताना लोक छातीला हात का लावतेत? चुकीच्या जागी लावतेत की."

दारूचा एक थेंब त्याने कधी घेतला नव्हता. तरी केस पेपर काढणारी मुलगी, रक्त घेणारा, सोनोग्राफीवाला, सगळ्यांनी तोच प्रश्न विचारला, किती वर्षं पिताय. पहिल्यांदा दादा हसून म्हणाला, पाणी ना, जन्मल्यापासून. नंतर मात्र त्याला हसू आलं नाही. गावातही तेच झालं. लिव्हर खराब झालं म्हटल्यावर लोकांनी आपापल्या मनाशी काय ते ठरवलं. जे त्याच्याबरोबर चाळीस वर्षं एका पारावर बसले होते, त्यांनीही ठरवलं. पुढे तो झाडपाल्याच्या औषधाकडे वळला त्याचं एक कारण मला हे वाटतं. तिथे त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

डॉक्टरांनी एक गोळी रोज, जन्मभर घ्यायची म्हणून सांगितली. सुजेसाठी एक, रक्ताची उलटी होऊ नये म्हणून एक. शिवाय एक कॅप्सूल दिली आणि म्हणाले, ही एका परदेशी काटेरी झाडाच्या बियांपासून काढलेली असते, आधाराला देतोय. मी विचारलं, फायदा किती होतो. ते सरळ बोलणारे होते. म्हणाले, "हिने नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही. फायदा किती, ते छातीठोकपणे सांगणार नाही. मुख्य गोळी चुकवायची नाही."

जिन्यात दादा म्हणाला, "म्हंजी झाडपालाच की. तिकडचं काटेरी चालतं, आपलं चालत नाय."

मी त्याला पाकिटावरची बारीक अक्षरं दाखवली. कोणत्या झाडाचा कोणता भाग आणि तो किती मिलिग्रॅम, हे तिथे छापलेलं होतं. त्याने पाकीट डोळ्यांपासून लांब धरून बघितलं आणि म्हणाला, "तुझ्या कंपनीच्या गोणीवानी." मग ते खिशात टाकलं.

घरगुती काही घ्यायचं असेल तर आधी मला विचारा, असंही डॉक्टरांनी बजावलं होतं. वहिनी करोनाच्या साथीपासून रोज सकाळी गुळवेलीचा काढा करायच्या. त्यांच्या दारातल्या लिंबावर चढलेली वेल होती आणि लिंबावरची गुळवेल सगळ्यांत गुणकारी, असं सारा गाव मानतो. डॉक्टरांनी ती आधी बंद केली. काढा पिऊन लिव्हरला सूज आलेले रोगी त्यांच्याकडे आले होते. उलट बिनसाखरेची कॉफी प्यायला त्यांची हरकत नव्हती, लिव्हरला ती चांगलीच म्हणाले. वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा करत मला विचारलं, "काढा बी कडू अन् कॉफी बी कडू. मंग भाऊजी, ह्यातलं चांगलं कडू कंचं, हे आमच्यासारख्यानं कसं वळखायचं?" मी म्हणालो, डॉक्टर सांगतील ते. हे उत्तर खरं होतं, पण त्याने कुणाचं समाधान होत नाही हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं ठरलं होतं. दादा आदल्या दिवशी माझ्याकडे मुक्कामाला यायचा आणि मी त्याच्या गोळ्यांची पाकिटं बघायचो. ती बरोबर रिकामी होत होती, ह्याबद्दल मला शंका नाही. दुसऱ्या तपासणीला बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, २.४ वरून १.८ वर आलं. पायांची सूज जवळजवळ गेली होती. भूक लागत होती. डॉक्टर खूश झाले, मीही झालो. परत येताना गाडीत दादा माझ्याकडे बघून हसत होता. मी विचारलं, काय झालं. तेव्हा त्याने सांगितलं.

सोयगावच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे. तिथे एक म्हातारे गृहस्थ काविळीचं औषध देतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांचं घराणं शेरडं-मेंढरं राखणारं, औषध वडिलांकडून आलेलं. फक्त रविवारी, उन्हं वर यायच्या आत, उपाशीपोटी. चिमूटभर पूड शेळीच्या दुधातून तिथे प्यायला देतात आणि रोजच्यासाठी एक पुडी बांधून देतात. तेल, हळद आणि आंबट बंद. पैसे घेत नाहीत, नारळसुद्धा घेत नाहीत. दादा आणि वहिनी दोन महिने दर रविवारी अंधारात उठून जात होते.

"आता बोल, बारक्या."

मी विचारलं, कशाची पूड आहे.

दादाने सीटवरून वळून माझा दंड धरला. मी गाडी चालवत होतो. "नाव काढू नको. इचारायचं नसतंय."

मी म्हणालो की डॉक्टरांना सांगावं लागेल. तो म्हणाला, काय सांगशील, हिरवी पूड? मी सांगितलंच. डॉक्टर फोनवर म्हणाले की बरं वाटत असलं तरी लगेच बंद करा. मी ते दादाला जसंच्या तसं कळवलं. तो शांतपणे म्हणाला, "आकडा चांगला आला की तुझ्या गोळीनं आला. वाईट आला असता तर माझ्या पुडीनं आला असता. असा कसा रे तुझा हिशोब?"

गोळी आणि पूड एकाच पोटात जात होती. कुणामुळे काय झालं हे वेगळं काढायचं तर दोन्हींतलं एक थांबवून बघावं लागतं, आणि दादा काही थांबवायला तयार नव्हता. तशी सूज उतरवणाऱ्या वनस्पती असतात, ती हिरवी पूड त्यांतलीच असेल. तिने त्याला दोन महिने खरोखर बरं वाटलंही असेल. मी हे लिहितो कारण ते शक्य आहे. ज्याचं नाव माहीत नाही त्याला मी वाईटही म्हणू शकत नाही.

पोळ्याला मी गावी गेलो तेव्हा आमचं भांडण झालं. तू काय खातोस हे तुला माहीत नाही, असं मी त्याला चारचौघांत म्हणालो. तो म्हणाला, तुझ्या गोळीत काय हाय हे तुला माहीत हाय व्हय? नाव वाचलंस म्हंजी कळलं व्हय? चौघं हसले. मी त्याच संध्याकाळी परत आलो.

पाऊस संपता संपता वहिनींचा फोन आला की ह्यांचे डोळे पिवळे दिसतायत आणि दिवसाही झोपूनच असतात. मी त्याला थेट दवाखान्यात आणलं. बिलिरुबिन १४ होतं. लिव्हरची सूज दाखवणारे जे आकडे आधीच्या तपासण्यांत शंभराच्या आत होते, ते हजारापलीकडे गेले होते. रोजच्या गोळीचं पाकीट वहिनींनी पिशवीत बरोबर आणलं होतं. त्यात एकही गोळी चुकलेली नव्हती. डॉक्टरांनी अंगातल्या हिपॅटायटीसच्या विषाणूचं प्रमाण तपासलं, ते वाढलेलं नव्हतं. म्हणजे जुन्या आजाराने अचानक उचल खाल्ली असं दिसत नव्हतं. ते बाहेर येऊन म्हणाले, "काय घेत होते? नाव सांगा."

मी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी जमिनीकडे बघितलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, पान, मूळ, साल, काहीतरी सांगा. वहिनी म्हणाल्या, आम्ही इचारत नसतो. मग बऱ्याच वेळाने, डॉक्टर गेल्यावर, त्या मला म्हणाल्या की मागच्या काही पुड्यांचा रंग निराळा होता. आधी हिरवट असायची. आता तपकिरी होती आणि जिभेला चटका बसायचा.

"मग तुम्ही मामांना विचारलं नाही?"

"रंग इचारला काय अन् नाव इचारलं काय, एकच की भाऊजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीला गेलो. मामा पत्र्याच्या सावलीत बाजेवर पाय लांब करून बसले होते. दोन्ही गुडघ्यांना पट्टे. दारात शेळ्या होत्या, मेंढरं कुठे दिसली नाहीत. सत्तरीचा, किरकोळ अंगाचा माणूस. मी कुणाचा कोण हे सांगितलं आणि दादाची अवस्था सांगितली. त्यांनी तोंडाने चक् केलं आणि सुनेला चहा ठेवायला सांगितला. मी म्हणालो, मला चहा नको, मला औषधाचं नाव पाहिजे. डॉक्टरांशिवाय कुणाला सांगणार नाही.

मामांनी गुडघे चोळले. मग म्हणाले, "नाव मलाबी ठावं नाय, साहेब."

मला वाटलं टाळतायत. मी आवाज चढवला. त्यांनी हात जोडले.

"बापानं नाव घेतलंच नाय कधी. डोंगरात नेलं, म्हणला, ही बघ, ही. अशी उपटायची. झालं. नाव घेतलं की गुण जातो म्हणून त्याच्याबी बापानं घेतलं नव्हतं."

"मग आता रंग का बदलला?"

त्यांनी गुडघ्याकडे बोट केलं. "औंदा डोंगर चढवना. लेकाला ती वळखू येत नाय, तो कंपनीत जातो. लोक तर येतेतच. रिकामं कसं लावू? मंग लेकाच्या गाडीवर बसून शहरात गेलो. आपण पाल्यासकट कुटतो, त्यातलं वाळलेलं मूळ तेवढं ऱ्हायलं व्हतं, ते नेलं. जडीबुटीच्या दुकानदाराला दावलं. तो म्हणला, हेच हाय, अन् पोत्यातून काढून दिलं. घरी कुटलं."

"तो नाव काहीतरी म्हणाला असेल."

"म्हणला ना. लई बार म्हणला. उर्दूतलं कायतरी व्हतं." मामांनी दोन्ही तळवे कानांवर ठेवून दाखवले. "मी असं धरलं. म्हणलं, बाबा, नाव घेऊ नको, निस्तं दे."

हा माणूस लबाड असता तर सोपं झालं असतं. त्याने स्वतःच्या पैशांनी ते मूळ विकत आणलं होतं आणि फुकट वाटलं होतं. ज्या एका क्षणी नाव त्याच्यासमोर आलं, त्या क्षणी त्याने कान झाकून घेतले, आणि तेही औषधाचा गुण जाऊ नये म्हणून, दादाच्या भल्यासाठी. दुकान कोणतं, हेही त्यांना नीट सांगता येईना. चौकातून आत, तशी दोन-तीन हाइत, म्हणाले.

वहिनींच्या पिशवीत तळाशी चिमूटभर पूड उरली होती. ती घेऊन मी जुन्या शहरातल्या दुकानांत फिरलो. एकाने बोटाला लावून हुंगली, दुसऱ्याने चाटून थुंकली. तिसरा चांगला माणूस होता, त्याने मला स्टूल दिलं आणि म्हणाला, "पिसी हुई चीज का क्या बोलूँ साहब? आप नाम बोलो, मैं अब्बी निकाल के देतूँ."

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, काय शोधायचं हेच माहीत नसेल तर चिमूटभर पुडीवरून प्रयोगशाळाही वेळेत काही सांगणार नाही, मग जे करतोय तेच करत राहू. नाव कळलं असतं तर उतारा मिळाला असता असं नाही, पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज आला असता. लिव्हर बदलायचं बोलणं झालं, पण तेवढा प्रवास झेपेल अशी त्याची अवस्था राहिली नव्हती. मूळ आजारच इतका पुढे गेला होता की हे त्या पुडीशिवायही झालं असतं का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "झालंही असतं. आत्ता झालं नसतं, असं मला वाटतं. पण मी लिहून देऊ शकत नाही."

दादा मधूनमधून शुद्धीवर यायचा. एका दुपारी तो चांगला जागा होता. माझ्या बायकोने त्याला चमच्याने पाणी दिलं. ती बाहेर गेल्यावर त्याने मला जवळ बोलावलं.

"वाडीला गेला व्हतास?"

मी हो म्हणालो.

"नाव इचारलंस?"

मी खोटं बोललो नाही. विचारलं म्हणालो. मग मी त्याला सगळं सांगितलं. मूळ दुकानातलं होतं, मामांनाच नाव माहीत नाही, त्यांनी कान झाकून घेतले. मी हळू, नीट सांगितलं, कारण त्याला कळावं अशी माझी फार इच्छा होती. तो ऐकत होता. त्याचे डोळे हळदीच्या पाण्यासारखे झाले होते.

"तुला तसं सांगितलं त्यानं," तो म्हणाला. "खरं नाव कुणी सांगत असतंय व्हय, येड्या?"

आणि मग भिंतीकडे तोंड करून, रागावल्यासारखं नाही, एखादी गोष्ट संपल्यासारखं म्हणाला, "गेला मंग गुण."

त्यानंतर तो माझ्याशी शुद्धीत बोलला नाही. त्याच आठवड्यात तो गेला.

दहाव्याला नदीवरचे विधी आटोपून सगळे घरी मांडवाखाली बसले होते. मामाही आले होते. लेकाने त्यांना गाडीवर आणलं होतं आणि लोकांनी उठून त्यांना बसायला खुर्ची दिली. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या. कुणीतरी विचारलं की मध्ये तर तब्येत सुधारली होती ना. वहिनी म्हणाल्या, व्हय, सूज पार उतरली व्हती. दोन भाकरी खात व्हते. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजींनी नाव इचारलं, तिथून फिरलं."

मी म्हणालो, "वहिनी, मी वाडीला गेलो तेव्हा दादा दवाखान्यात होता. आधीच आजारी होता."

"तुम्ही त्याच्याआधी इचारलं व्हतं. गाडीत. त्यांनी मला घरी आल्या आल्या सांगितलं व्हतं."

ते खरं होतं. तारखा त्यांच्या बाजूने होत्या. गाडीत मी विचारलं तेव्हा बिलिरुबिन १.८ होतं आणि पुढच्या वेळी १४. मांडवात बसलेल्या माणसांना यापेक्षा जास्त पुरावा लागत नव्हता, आणि त्याचे आकडे तर मीच पाठ ठेवले होते. त्यांतला एक म्हातारा मामांकडे वळला आणि त्याने विचारलं, असं व्हतं का हो मामा?

मामांच्या हातात चहाचा कप होता. त्यांनी मान खाली घालून एक घोट घेतला. माझ्याशी बाजेवर बसून जे बोलले होते ते त्यांना आठवत होतं, हे मला त्यांच्या मानेवरून कळत होतं. मी वाट बघितली.

"व्हय," ते म्हणाले. "नाव इचारू नये."

ते त्यांनी मनापासून म्हटलं की भीतीने, हे मला ठरवता आलं नाही. मी मांडवात ते सगळं सांगू शकलो असतो. पण दादाने जे मानलं नाही ते हे लोक मानणार नव्हते, आणि वहिनींना त्या दिवशी दोष ठेवायला कुणीतरी हवं होतं. मी उठून पंगतीच्या पत्रावळ्या मोजायला गेलो. माझ्या मागे बोलणं दुसरीकडे वळलं. परत आलो तेव्हा दादाच्या वयाचा एक पाहुणा मामांच्या खुर्चीशी वाकून हलक्या आवाजात विचारत होता, येत्या ऐतवारी घरी हाइत का. त्याच्या डोळ्यांत पिवळेपणा होता.

"हाय की," मामा म्हणाले. "उपाशी या."